दुसरी फळी

मशीन घरात आलं तेव्हा ते अगदी ठणठणीत होतं, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. पुढे त्याच्याबद्दल बरंच काही बोललं गेलं. ते मुळातच दमेकरी होतं, त्याच्या मोटारीत खोट होती, मेहुण्याने नको झालेली ब्याद बहिणीच्या गळ्यात मारली, वगैरे वगैरे. यातलं शेवटचं वाक्य देखभालसाहेब एकदा जेवताना बोलून गेले आणि त्या दिवशी त्यांच्या ताटात दुसऱ्यांदा काही वाढलं गेलं नाही.

देखभालसाहेब हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. पाणीपुरवठा खात्यात पंपांच्या देखभालीचा विभाग त्यांनी नोकरीभर सांभाळला. निवृत्त झाल्यावर खुर्ची तिथेच राहिली, नाव तेवढं घरी आलं. आता, साहेबांनी कधी पंपाला हात लावला होता असा गैरसमज कुणी करून घेऊ नये. हात लावायला माणसं होती. साहेब त्या माणसांना विचारायचे, "तेल घातलं का? नट आवळले का?" आणि माणसं म्हणायची, "हो साहेब." इतक्या वर्षांत एकदाही कुणी 'नाही' म्हटलं नाही. त्यामुळे तेल घालणं आणि नट आवळणं यापलीकडे यंत्राच्या आयुष्यात काही घडत नसतं, अशी साहेबांची पक्की समजूत झाली होती.

त्यांच्या बायकोला सगळी इमारत 'बाई' म्हणते. बाई शिवण शिकवतात. आजवर हे शिकवणं येता-जाता चालायचं; कुणी बाही बिघडवून आणली की बाई जमिनीवर बसून ती उसवून द्यायच्या. कापड बेततानाही जमिनीवरच, गुडघ्यांवर. अलीकडे मात्र गुडघे प्रत्येक वेळी उठताना असा आवाज करायचे की साहेब आतल्या खोलीतून "दार कोण उघडतंय?" म्हणून विचारायचे. शेवटी बाईंनी ठरवलं की एक तारखेपासून हॉलमध्ये रीतसर वर्ग सुरू करायचा आणि त्यासाठी कापड बेतायला एक टेबल करून घ्यायचं. शिकायला येणाऱ्यांची नावंही येऊन पडली.

लाकूड घरातच होतं. बाईंच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. ते बंद झालं तेव्हा काउंटरच्या दोन लांबलचक सागवानी फळ्या बाईंनी मागून घेतल्या होत्या. तेव्हापासून त्या चादरीत गुंडाळून पलंगाखाली पडून होत्या. त्यातल्या एकीच्या कडेला ओळीने पितळी खिळे ठोकलेले होते. वडील त्या खिळ्यांवर कापड धरून मोजून देत. बाई लहानपणी काउंटरपलीकडे टाचा उंच करून ते बघत उभ्या राहायच्या. दुकानातलं बाकी काही उरलं नव्हतं.

"टेबल मी करतो," साहेब म्हणाले.

हे वाक्य त्यांनी एकट्या बाईंसमोर उच्चारलं असतं तर गिळता आलं असतं. पण त्या वेळी घरात मेहुणा होता आणि शेजारचे दंतवैद्यही चहाला आले होते. दोन साक्षीदारांसमोर बोललेलं वाक्य मागे घेणं साहेबांच्या प्रतिष्ठेत बसत नव्हतं.

"उंच करा हं," बाई म्हणाल्या. "बेतताना मला उभं राहता आलं पाहिजे."

"टेबलाची उंची ठरलेली असते," साहेब म्हणाले.

"कुणी ठरवली?"

"टेबलं करणाऱ्यांनी."

यावर बाई काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर ही गोष्ट इथेच संपली असती.

मेहुणा, म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ, फोटोंच्या चौकटी करतो. त्याने नवं रंधा मशीन घेतलं होतं, म्हणून जुनं बहिणीकडे आणून दिलं. सुतार हाताने रंधा मारून जे काम घाम गाळत करतो ते हे मशीन विजेवर करतं. त्याच्या पोटात एक सपाट ओटा असतो. त्याच्यावर गरगर फिरणारी पाती, आणि फळीला धरून आत ओढणारे दोन रबरी रोलर. बाजूचं हँडल फिरवलं की ओटा वर-खाली होतो. फळी एका बाजूने खडबडीत आत जाते आणि दुसऱ्या बाजूने गुळगुळीत बाहेर येते. मेहुण्याने हे सगळं एका उंच लोखंडी घोडीवर बसवलं होतं आणि घोडीला चार चाकं लावली होती.

मशीन मागच्या खोलीत, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी उभं राहिलं. मेहुण्याने बिनखिळ्यांची फळी आत सारली. घर्रर्र आवाज झाला, छिलक्यांचा ढीग पडला आणि फळी पलीकडून बाहेर आली. वर्षानुवर्षांचा मळ, शाईचे डाग, कात्रीचे ओरखडे सगळं गेलं होतं. बाईंनी तिच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ताई, दुसरीपण आत्ताच काढून देतो," मेहुणा म्हणाला.

"थांबा," साहेब म्हणाले. "आधी सर्व्हिसिंग."

"अहो, चालतंय ना ते?" बाई म्हणाल्या.

"चालतंय म्हणूनच! बंद पडल्यावर करतात ती दुरुस्ती. चालू असताना करतात ती देखभाल. हा फरक न कळल्यामुळे लोकांचं फार नुकसान होतं."

या वाक्यावर साहेबांनी खात्यात कैक सभा जिंकल्या होत्या. मेहुण्याने घड्याळाकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं आणि तो चौकटी करायला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी जुना शर्ट चढवला, चष्म्याला दोरी बांधली आणि देखभाल सुरू केली. पाती पुसताना बोट कापलं. बोटाला पट्टी बांधून पुन्हा पुसायला घेतली, तर पट्टी कापली. मग त्यांनी पाती स्वच्छ आहेत असं जाहीर केलं आणि तेलाकडे वळले. बाईंच्या शिवणयंत्राच्या तेलाची आख्खी बाटली रिकामी झाली. ती पुरेना म्हणून ग्रीसचा डबा आला. जिथे जिथे काही फिरताना दिसलं तिथे तिथे साहेबांनी सढळ हाताने ग्रीस थापलं.

बाई कपडे वाळत घालायला म्हणून आल्या आणि दारातच थबकल्या.

"अहो, रबराला नका लावू. माझ्या शिवणयंत्राच्या पट्ट्याला तेल लागलं ना, की तो घसरतो."

"शिवणयंत्र वेगळं, यंत्र वेगळं," साहेब म्हणाले.

या विधानाचा अर्थ पुढे खुद्द साहेबांनाही लावता आला नाही. पण त्या क्षणी ते इतक्या अधिकाराने उच्चारलं गेलं होतं की बाई टॉवेल झटकून निघून गेल्या. झटकताना जरा जास्तच जोरात झटकला, एवढंच.

सगळं परत जोडताना एक विचित्र गोष्ट घडली. माणूस यंत्र उघडून पुन्हा जोडतो तेव्हा दोन-चार स्क्रू उरतात, हे सर्वांना माहीत आहे. साहेबांना एक कमी पडला. त्यांनी खोली झाडली, खिसे उलटे केले, धुण्याच्या यंत्रातही डोकावून पाहिलं. शेवटी त्या भोकात त्यांनी ग्रीस भरून टाकलं.

मग दुसरी फळी आली, खिळ्यांची. साहेबांनी बटण दाबलं आणि फळी आत सारली. वीतभर आत गेली आणि तिथेच थांबली. रोलर फिरत होते, पण ग्रीसमुळे नुसतेच तिच्यावरून घसरत होते. साहेबांनी ढकललं. फळी ढिम्म. साहेबांनी विचार केला की पकड कमी पडते आहे, म्हणून हँडल फिरवून ओटा वर घेतला. फळी हलली नाही. आणखी वर घेतला. आता पाती लाकडात खोल रुतली, मोटार आधी गुरगुरली, मग कण्हली, आणि फटकन आवाज होऊन बेल्ट तुटला.

त्यानंतर जी शांतता पसरली तिच्यात स्वयंपाकघरातल्या नळाचं ठिबकणंसुद्धा ऐकू आलं. बाई धावत आल्या. फळीचं एक टोक मशीनच्या जबड्यात आणि बाकी सगळी फळी बाहेर. त्यांनी आधी साहेबांची बोटं मोजली आणि मग कडेचे खिळे.

"निघेल ना हो?" त्यांनी विचारलं.

"निघेल म्हणजे? आत्ता काढतो."

आवाज ऐकून शेजारचे दंतवैद्य आलेच होते. त्यांनी खाली वाकून मशीनच्या तोंडात निरखून पाहिलं. हे काम त्यांच्या सवयीचं होतं.

"घट्ट बसलीये," ते म्हणाले. "नुसतं ओढून उपयोग नाही. आधी हलवून सैल करायची, मग एकदम ओढायची. दाढ निघते, तर फळी काय चीज आहे!"

त्यांनी फळी कवटाळली. साहेबांनी त्यांच्या कमरेला धरलं. 'एक, दोन, तीन' म्हणून दोघांनी जोर केला आणि फळी सुटली असं वाटून दोघेही आनंदाने मागे मागे जाऊ लागले. पण सुटली होती ती फळी नव्हे. चाकांवरची घोडीच मशीनसकट सुटली होती. उलट्या पावलांनी साहेब, मग दंतवैद्य, मग फळी आणि फळीमागे मशीन, अशी ही वरात मागच्या खोलीतून बोळात आणि बोळातून हॉलमध्ये आली. हॉलच्या उंबऱ्याला घोडीचं एक चाक आपटून निखळलं आणि सोफ्याखाली घरंगळत गेलं. मशीन खिडकीपाशी जाऊन थांबलं. घरातला सगळ्यात चांगला उजेड तिथेच येतो.

"दाढेच्या वेळी मी पेशंटला खुर्चीला टेकवून ठेवतो," दंतवैद्य धापा टाकत म्हणाले. "इथे तेच राहिलं."

साहेबांनी निखळलेल्या चाकाच्या जागी लाकडी ठोकळा दिला. फळीचं बाहेर आलेलं टोक लोंबकळू नये म्हणून त्याच्याखाली स्टुलावर स्टूल रचलं आणि मग पाणसळ लावून सगळं अगदी पातळीत आणलं. पातळी या विषयात साहेबांना खरोखरच कळत होतं. पाणी खात्यात आणखी काही नाही तरी तेवढं अंगी लागतं. पाणसळीतला बुडबुडा मधोमध उभा राहिला. पण बुडबुड्याकडे बघायला त्या दिवशी कुणालाच वेळ नव्हता.

मेहुण्याला फोन लागला. तो एका लग्नाचे फोटो चौकटीत बसवत होता. घाईघाईत म्हणाला, "दाजी, कायतरी ढिलं राहिलं असेल. नीट बघा एकदा."

ढिलं! साहेबांच्या मनातलंच बोलला. त्यांनी पाना घेतला आणि मशीनभोवती फिरून जे जे हलत होतं ते ते आवळलं. पुढचे नट आवळले, बाजूचे आवळले, मागे हात घालून न बघता जे हाताला लागलं तेही आवळलं. एक दांडी तर भलतीच ढिली होती, ती त्यांनी पान्याला पाइप लावून आवळली. मग समाधानाने हँडलला हात घातला, म्हणजे ओटा खाली यावा आणि फळी सुटावी. हँडल जागचं हललं नाही. दंतवैद्यांनी करून पाहिलं. दोघांनी मिळून करून पाहिलं. हँडल जणू जन्मापासून तसंच होतं.

"गंज," दंतवैद्य म्हणाले.

"एवढ्या ग्रीसमध्ये?" बाईंनी विचारलं. त्या मशीनच्या मागच्या बाजूला उभ्या होत्या आणि खाली वाकून काहीतरी बघत होत्या. पण त्यांचं ऐकायला कुणी रिकामं नव्हतं.

बेल्टची कथा निराळीच. तुटलेला बेल्ट घेऊन साहेब दुकानात गेले.

"कुठल्या गाडीचा?" दुकानदाराने विचारलं.

"गाडीचा नाही. रंध्याचा."

"रंध्याला बेल्ट?" दुकानदाराने साहेबांकडे असं पाहिलं की साहेबांना क्षणभर स्वतःचाच संशय आला. "नंबर सांगा."

नंबर बेल्टवर होता, पण ग्रीसने आणि साहेबांच्या पुसापुशीने तो गेला होता. दुकानदाराने अंदाजाने एक दिला. तो एवढा मोठा निघाला की त्यात मशीनबरोबर साहेबही बसले असते. दुसरा बसेना. तो बसवताना सुटला तो थेट खिडकीतून बाहेर गेला आणि खाली कुणाच्या तरी गाडीवर पडला. तिसरा बरोबर बसला. साहेबांनी विजयाने बटण दाबलं. फळी जबड्यात घट्ट, पाती लाकडात रुतलेली, त्यामुळे मोटारीला फिरायला जागाच नव्हती. ती नुसतीच घुमली, आणि त्यांच्या घरासकट सगळ्या जिन्याची वीज गेली.

दारावर थाप पडली. इमारतीचे सचिव, हातात विजेरी.

सचिव हा नियमाने वागणारा माणूस. त्यांनी मशीनभोवती विजेरी फिरवत फेरी मारली, त्यात फळीच्या टोकावर एकदा कपाळ आपटून घेतलं आणि म्हणाले, "याची नोंद कुठे आहे?"

"कसली नोंद?"

"इमारतीत जे जे येतं त्याची नोंद लागते. आपल्याकडे तीन वह्या आहेत. वाहनं, पाळीव प्राणी आणि भाडेकरू. हे कशात घालू?"

साहेबांनी स्वतः खात्यात आयुष्यभर असले प्रश्न लोकांना विचारले होते. ते आपल्याला कुणी विचारेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला.

"भाडेकरू तर नाही," सचिव विचार करत म्हणाले. "आवाज करतं, पण प्राणी म्हणता येणार नाही. चाकं आहेत का? आहेत. किती? तीन." त्यांनी खिशातून वाहनांवर लावायचं एक स्टिकर काढलं आणि मशीनच्या पत्र्यावर चिकटवलं. "वाहन. तीनचाकी. आता वाहनाला विजेची जोडणी चालत नाही, तेव्हा ही पिन मी घेऊन जातो. आणि वाहन वाहनतळावर लावायचं, घरात नाही."

"लावतो ना. आधी फळी निघू द्या. फळीसकट हे जिन्यातून वळत नाही."

"फळी निघेपर्यंत तात्पुरती सवलत," सचिव म्हणाले. वीज गेली होती, वायरची पिन गेली होती, आणि त्याबद्दल आपण 'आभारी आहे' म्हणालो हे साहेबांच्या नंतर लक्षात आलं. त्या दिवशी ते जेवतानासुद्धा मशीनकडे पाठ करून बसले. हॉल लहान असल्यामुळे पाठ करायची तर भिंतीकडे तोंड करून बसावं लागत होतं, तरीही बसले.

घरातलं काम कुणाच्या रुसव्यासाठी थांबत नाही. पहिल्यांदा फळीवर इस्त्रीचे कपडे आले. मग भाजी निवडायची परात आली. मग बाईंनी पहिली फळी आणून दुसरीला चिकटवून ठेवली, खालून दोन आडव्या पट्ट्या दिल्या आणि त्यावर चादर पसरली. "तात्पुरतं," त्या म्हणाल्या. एका सकाळी साहेब पेपर घेऊन आले तर बाई खिडकीच्या उजेडात उभ्या राहून झबल्याचं कापड बेतत होत्या. कात्री सरसर चालली होती. साहेबांना ते पाहून बरं वाटायच्या ऐवजी अधिकच अपराधी वाटलं. हिला टेबल द्यायचं कबूल केलं आणि हिच्यावर मशीनच्या दाढेत अडकलेल्या फळीवर काम करायची पाळी आणली, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं. पेपर न वाचताच ते आत गेले.

महिना संपत आला. वर्ग उद्यावर. संध्याकाळी बाई बाजारात गेलेल्या असताना साहेबांनी ठरवलं की आता फळी कापायची. जबड्यातलं टोक राहू दे आत. बाकीचं मोकळं होईल, त्याला चार पाय ठोकता येतील आणि दिलेला शब्द रात्रीच्या आत पुरा होईल. त्यांनी करवत आणली, पेन्सिलने रेघ मारली आणि करवत टेकवली.

करवतीच्या दात्यांपाशी, फळीच्या कडेला, पितळी खिळा होता. त्याच्या अलीकडचा खिळा बाहेर होता आणि पलीकडचा मशीनच्या आत. इथे कापलं तर माप तुटणार होतं. बाईंच्या वडिलांनी आयुष्यभर या खिळ्यांवर कापड धरलं आणि कुणाला बोटभरही कमी दिलं नाही, हे बाई किती वेळा सांगायच्या. साहेबांनी करवत दोनदा उचलली आणि दोनदा टेकवली. तिसऱ्यांदा बाईंचा आवाज आला, "काय करताय?"

त्या पिशव्या घेऊन दारात उभ्या होत्या. साहेबांनी करवत पाठीमागे लपवली. भलीमोठी करवत, ती काय लपते!

"मला नाही जमलं गं," साहेब म्हणाले. "टेबल करतो म्हणालो, तुझ्या वडिलांची फळी अडकवून बसलो. पहिली किती छान झाली होती. मी हात लावला नसता तर..."

बाईंनी पिशव्या खाली ठेवल्या. करवत त्यांच्या हातातून काढून घेतली आणि कपाटामागे सारली.

"उद्या बायका येतील. खुर्च्या बाजूला करून द्या," त्या म्हणाल्या. "आणि ती पेन्सिलची रेघ पुसा. कापडाला डाग पडेल."

दुसऱ्या दिवशी वर्ग भरला. सचिवांची बायको आली, दंतवैद्यांची आई आली, वरच्या मजल्यावरच्या दोघी जावा आल्या. साहेब स्वयंपाकघरात दार लोटून बसले. टेबलाला एका बाजूला दोन स्टुलं आणि दुसऱ्या बाजूला तीनचाकी वाहन, हे बघून बायका हसतील आणि ते आपल्याला ऐकू येईल, म्हणून त्यांनी नळ सोडून ठेवला होता.

हसू ऐकू आलं नाही. खळ्ळकन काहीतरी सांडल्याचं ऐकू आलं आणि मग बाईंची हाक. "अहो, जरा बाहेर या. टाचण्यांचा डबा पडला. मला वाकवत नाही."

साहेब मान खाली घालून बाहेर आले, बाईंनी दिलेलं लोहचुंबक घेतलं आणि कुणाकडे न बघता टेबलाखाली शिरले. तिथे त्यांना बरं वाटलं. वर नुसते आवाज आणि भोवती साड्यांचे काठ. टाचण्या भराभर चुंबकाला येऊन चिकटत होत्या. त्यांच्याबरोबर फरशीच्या फटीतून आणखी एक वस्तू येऊन चिकटली. तो हरवलेला स्क्रू होता. चाकात अडकून मागच्या खोलीतून इथवर आला असावा. साहेबांना जिवाभावाचं माणूस भेटल्यासारखं झालं. आणखी काही सापडेल म्हणून त्यांनी चुंबक मशीनच्या मागे नेलं आणि ते टक्कन एका दांडीला चिकटलं.

साहेबांनी चष्मा सारखा केला. ही तीच दांडी, पान्याला पाइप लावून आवळलेली. तिच्याखाली पत्र्यावर दोन बाण कोरलेले होते आणि एका बाणापुढे कुलपाचं चित्र होतं. लहान मुलालाही कळावं असं चित्र. दांडी ओटा आहे तिथे पक्का धरून ठेवण्यासाठी होती. ती आवळलेली असताना हँडल फिरणार कसं?

त्यांनी दोन्ही हातांनी दांडीला हिसका दिला. ती सुटली. हँडलला हात लावला तर ते केसभर फिरलं, अगदी लोण्यातून फिरावं तसं, कारण ग्रीस भरपूर होतं. एक फेरा, फक्त एक, आणि फळी मोकळी. उठून उभं राहायचं आणि सगळ्यांसमोर जाहीर करायचं. मेहुण्याला फोन, दंतवैद्यांना हाक, सचिवांकडून पिन परत. गेलेली अब्रू एका फेऱ्यात परत मिळत होती.

"पण बाई," वरून दंतवैद्यांच्या आईचा आवाज आला, "हे टेबल फार सोयीचं हो. माझी कंबर एरवी दोन मिनिटांत भरून येते. इथे मघापासून उभी आहे तर कळलंसुद्धा नाही. कुणाकडून करून घेतलंत?"

"ह्यांनी केलं," बाई म्हणाल्या.

"आणि डुगडुगत नाही अजिबात," सचिवांची बायको म्हणाली. "आमचं एवढं महागाचं घेऊन डुगडुगतं. अगदी तुमच्या उंचीचं केलंय. माप घेतलं होतं वाटतं?"

"छे हो. माप घेतलं असतं तर चुकलं असतं."

बायका हसल्या. बाईही हसल्या. बाईंचं असं मोकळं हसणं साहेबांनी कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. टेबलाखालून त्यांना बाईंची पावलं दिसत होती. दोन्ही पावलं जमिनीवर सरळ, ताठ उभी होती. गुडघे कुठेही टेकलेले नव्हते. वर कात्री चालू झाली आणि बाई कुणाला तरी सांगू लागल्या, "हा खिळा बघ, इथून इथपर्यंत धर. माझे वडील असंच धरायचे."

साहेबांनी हँडल होतं तिथे परत आणलं. मग दांडी धरली आणि आवळली. आयुष्यभर त्यांनी खूप काही आवळलं आणि आवळायला लावलं होतं, पण ते कशासाठी हे कळून आवळायची ही पहिलीच वेळ होती. त्यांना फार बरं वाटलं.

इतक्यात बाईंचं एक पाऊल सरकून त्यांच्यापाशी आलं आणि फक्त त्यांनाच ऐकू जाईल अशा आवाजात बाई म्हणाल्या, "मागची दांडी ना?"

साहेबांनी टेबलाखालूनच विचारलं, "तुला माहीत होती?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही फळी काढली असती," बाई म्हणाल्या, "आणि मग टेबल केलं असतं."

साहेबांनी टाचण्यांचं चुंबक वर दिलं. बाईंनी ते घेतलं, त्यातला स्क्रू बाजूला काढून ठेवला आणि कापडावर खडूची रेघ ओढता ओढता म्हणाल्या, "फार घट्ट नका करू हो. म्हातारपणी माणूस जरासा बुटका होतो म्हणतात. तेव्हा दोन बोटं खाली घ्यावं लागेल."

साहेबांनी टेबलाखाली बसल्या बसल्या दांडी जराशी ढिली केली.